केरनचा साहेब आणि सिंगापूरचा तळ

(वाचनालयाच्या शतक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या वाचनालयाच्या बाकावर बसून मी अक्षरओळख पक्की केली, त्याच्या शतक महोत्सवात बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल आरंभीच कृतज्ञता व्यक्त करतो. मी मराठीचा अध्यापक. संतवाङ्मय, नवकथा किंवा सीमाभागातील बोली यांपैकी काही विषय मी निवडीन अशी आपली अपेक्षा असणार. व्याख्यानाचे शीर्षक फळ्यावर लिहिले गेले तेव्हा आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला थांबवून विचारलेच, ‘‘सर, तुम्ही आणि लष्कर? हे कधीपासून?’’ त्या प्रश्नाचे उत्तर देणे भाग आहे, आणि ते याच इमारतीत दडलेले आहे.

मी सहावी-सातवीत असताना आपल्या वर्तमानपत्रांच्या खोलीत रोज सायंकाळी एक निवृत्त सुभेदार येत. त्यांचे नाव मी येथे घेत नाही. आम्ही मुले त्यांना सुभेदारकाका म्हणत असू. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत शिपाई होते आणि आफ्रिकेतील केरनच्या डोंगरावर लढले होते. वर्तमानपत्राची घडी नीट घालून ठेवण्याची त्यांची शिस्त अशी, की आमच्यासारख्या पोरांना धाक वाटे. एके दिवशी हातातील एका जुन्या इंग्रजी पुस्तकातील छायाचित्रावर बोट ठेवून ते मला म्हणाले, ‘‘पोरा, तू शिकतोयस ना? मग मला एवढं सांग. केरनला आमचा हा हीथसाहेब जिंकला. मग वर्षाच्या आत सिंगापूरला तोच साहेब हातावर हात ठेवून कैदी कसा झाला? साहेब तोच, शिपाई आपलेच. बिघडलं काय?’’

मला तेव्हा केरनही ठाऊक नव्हते आणि सिंगापूरही. ‘‘वाचून सांगतो,’’ असे म्हणून मी सुटका करून घेतली. सुभेदारकाका काही वर्षांनी गेले. उत्तर द्यायचे राहूनच गेले. आज ते देण्याचा प्रयत्न करणार आहे. उशीर फार झाला आहे, याची जाणीव आहे.

बेळगावकरांना मराठा पलटणींचे अप्रूप सांगायला नको. १९२२ पासून या पलटणींचे प्रशिक्षण केंद्र आपल्या कॅम्पात आहे. ज्या घरातून एक तरी माणूस फौजेत गेलेला नाही, असे घर आसपासच्या खेड्यांत शोधावे लागेल. तेव्हा केरनपासूनच आरंभ करू. केरन हे इरिट्रियातील डोंगरी गाव. तेव्हा तो मुलूख इटलीच्या ताब्यात होता. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तेथे सुमारे आठ आठवडे घनघोर लढाई झाली. अरुंद खिंड, दोन्ही बाजूंना उभे कडे आणि माथ्यावर इटालियन सैन्य. चौथी आणि पाचवी अशा दोन भारतीय डिव्हिजनांनी तो डोंगर चढून जिंकला. पाचव्या डिव्हिजनचे सेनापती होते मेजर जनरल लुईस हीथ. त्यांच्याच हाताखाली आपली तिसरी मराठा पलटण डोलोगोरोडॉक किल्ल्याच्या लढाईत उतरली आणि तिने त्या किल्ल्याच्या वाटेवरचा एक माथा काबीज केला. २७ मार्च १९४१ रोजी केरन पडले. हीथ यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, बढती मिळाली आणि ते मलायात तिसऱ्या भारतीय कोअरचे प्रमुख म्हणून रवाना झाले. सुभेदारकाकांच्या लेखी हीथसाहेब म्हणजे विजय, आणि तसे वाटण्यात त्यांची काही चूक नव्हती.

आता सिंगापूरकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतर जपानचे नौदल वाढू लागले. ब्रिटनकडे अटलांटिक आणि पॅसिफिक अशा दोन महासागरांत एकाच वेळी पुरेल इतके आरमार ठेवण्याची ऐपत उरली नव्हती. म्हणून १९२१ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाने ठरवले, की आरमार घराजवळ ठेवायचे आणि पूर्वेकडे एक भक्कम तळ बांधायचा. संकट आले की आरमार तेथे पाठवायचे. सिंगापूर बेटाच्या उत्तर अंगाला, जोहोरच्या सामुद्रधुनीवर, सेंबावांग येथे हा तळ उभा राहिला. सरकारे बदलली तशी कामे थांबली आणि पुन्हा सुरू झाली. १४ फेब्रुवारी १९३८ रोजी तेथील मोठ्या सुक्या गोदीचे उद्घाटन झाले. सुमारे हजार फूट लांबीच्या त्या गोदीत जगातील मोठ्यात मोठी युद्धनौका दुरुस्तीला घेता येत असे. तळावर सुमारे ६ कोटी पौंड खर्च झाले असे सांगतात. समुद्राच्या बाजूला १५ इंची पाच तोफा बसवल्या होत्या. त्या तोफांची तोंडे चुकीच्या दिशेला होती, ही लोकप्रिय कथा मात्र पुरती खरी नाही. त्यांतील काही तोफा जमिनीच्या दिशेने वळवता येत होत्या. पण त्यांच्याजवळचा दारूगोळा मुख्यत्वे जहाजाचे चिलखत भेदण्यासाठी होता, पायदळावर टाकण्यासाठी नव्हे.

आरमार येईपर्यंत तळाने किती दिवस तग धरायचा, याचाही हिशेब मांडला होता. सुरुवातीला तो ४२ दिवसांचा होता. १९३९ मध्ये महायुद्ध पेटल्यावर तो १८० दिवसांवर गेला. थोडक्यात, किल्ला तयार होता. किल्ल्यासाठी नेमलेले आरमार दुसऱ्याच युद्धात गुंतले होते. अशा स्थितीत या तळाची जबाबदारी ज्यांच्यावर आली, ती माणसे कोण होती आणि कोणत्या वाटेने तेथवर आली होती, हे पाहणे हा आजच्या बोलण्याचा मुख्य हेतू आहे.

पहिले नाव लेफ्टनंट जनरल आर्थर पर्सिव्हल यांचे. उंच, किडकिडीत, पुढे आलेल्या दातांचा हा माणूस छायाचित्रात सेनापती वाटत नाही, आणि इतिहासाने त्यांच्या रूपाची जेवढी थट्टा केली तेवढी क्वचितच कोणाची केली असेल. पण त्यांची कारकीर्द पाहा. जन्म १८८७ चा. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा ते लंडनमधील लोहखनिजाच्या एका पेढीत कारकून होते. वयाच्या २६ व्या वर्षी, युद्धाच्या पहिल्याच दिवशी, ते साधे शिपाई म्हणून भरती झाले. काही आठवड्यांत अधिकारी झाले. सोमच्या लढाईत जखमी झाले. शौर्यपदके मिळवली आणि १९१८ मध्ये तर एका बटालियनचे नेतृत्व केले. पुढे उत्तर रशियातील मोहिमेत त्यांना आणखी एक सन्मान मिळाला. १९२०-२१ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात ते गुप्तवार्ता अधिकारी होते. तेथील स्वातंत्र्यसैनिकांनी त्यांना आपला कट्टर शत्रू मानले, आणि कैद्यांच्या छळाचे आरोपही त्यांच्यावर केले. त्यानंतर कॅम्बर्लीचे स्टाफ कॉलेज, पश्चिम आफ्रिकेतील नोकरी, पुन्हा स्टाफ कॉलेजात शिक्षकाचे काम. तेथेच जनरल जॉन डिल यांची त्यांच्यावर मर्जी बसली, आणि पुढची बढतीची पायरी न् पायरी बहुधा डिल यांच्या हाताने घडली.

आता एक गोष्ट लक्षात ठेवावी अशी. १९३६ ते १९३८ या काळात पर्सिव्हल मलायातच मुख्य स्टाफ अधिकारी होते. १९३७ मध्ये त्यांनी एक टिपण तयार केले. जपानने हल्ला केला तर तो समुद्राकडून थेट बेटावर होणार नाही. सयाममधील सिंगोरा आणि पट्टणी येथे व मलायातील कोटा भारू येथे सैन्य उतरवून जपानी उत्तरेकडून खाली येतील, असे त्यात मांडले होते. १९४१ च्या डिसेंबरमध्ये नेमके हेच घडले. म्हणजे ज्या सेनापतीला अंदाज आला नाही म्हणून आपण दोष देतो, त्यानेच चार वर्षे आधी अंदाज लिहून ठेवला होता. अज्ञान हे पराभवाचे कारण म्हणून सांगता येत नाही. मग कारण कोठे शोधायचे?

मे १९४१ मध्ये पर्सिव्हल मलायाचे सेनापती म्हणून परतले. तोवर त्यांनी इंग्लंडमध्ये डिव्हिजन सांभाळली होती. पण युद्धात कोअर किंवा त्याहून मोठे सैन्य कधी चालवले नव्हते. त्यांच्या हाताखाली आले ते आपले हीथसाहेब. हीथ सेवाज्येष्ठतेने आधी पर्सिव्हल यांच्या वरचे होते. त्यांची सारी घडण भारतीय सेनेतील, वायव्य सरहद्दीच्या डोंगरांतील. मेसोपोटेमियात पहिल्या महायुद्धात ते गंभीर जखमी झाले होते. ते शिपायांत मिसळणारे होते, आणि केरनचा ताजा विजय त्यांच्या नावावर होता. लंडनच्या कचेरीत वाढलेला, वयाने दोन वर्षे धाकटा अधिकारी आपल्या डोक्यावर बसला, हे त्यांना रुचणे कठीण होते. त्यात ब्रिटिश सेना आणि भारतीय सेना या दोन घराण्यांतील जुनी तेढ. दोघेही सभ्य होते. भांडण उघड झाले नाही. न झालेल्या भांडणाचे नुकसान पुष्कळदा झालेल्या भांडणापेक्षा मोठे असते, हे संस्था चालवणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. हीथ यांचे मत पडे, की एकदम लांब मागे हटून जोहोरमध्ये ठाम उभे राहावे. पर्सिव्हल यांना कुमक घेऊन येणाऱ्या जहाजांसाठी वेळ हवा होता आणि उत्तरेकडील विमानतळ शत्रूच्या हाती लवकर जाऊ द्यायचे नव्हते. म्हणून ते दर टप्प्यावर अडवा म्हणत. दोन्ही मतांना आधार होता. पण मलायात तिसरीच गोष्ट घडली: थोडे लढायचे, थोडे हटायचे, आणि शिपायाला विसावा कधीच नाही.

तिसरे नाव ऑस्ट्रेलियाच्या आठव्या डिव्हिजनचे सेनापती गॉर्डन बेनेट यांचे. हेही १८८७ चेच, आणि १९१४ पूर्वी विमा कंपनीत नोकरीला. गॅलिपोलीत ते पहिल्या दिवसापासून लढले आणि वयाच्या २९ व्या वर्षी ब्रिगेडियर जनरल झाले. युद्धानंतर ते व्यवसायात परतले; मात्र राखीव सेनेत राहिले. १९३७ मध्ये त्यांनी कायम नोकरीतील अधिकाऱ्यांवर वर्तमानपत्रांतून कडक टीका केली, आणि त्याची किंमत मोजली. महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांना बाजूला ठेवले गेले. ऑगस्ट १९४० मध्ये कॅनबेराजवळ विमान कोसळून लष्करप्रमुख मरण पावले, पदे हलली, आणि त्या फेरबदलात बेनेट यांना डिव्हिजन मिळाली. पराक्रमाबद्दल शंका नाही. पण व्यावसायिक सैनिकांवरचा राग त्यांनी मलायातही सोबत आणला. ब्रिटिश अधिकाऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि भारतीय पलटणींवर तर त्याहून कमी.

आता सेनेबाहेरचे तिघे. सर्वांच्या वर होते एअर चीफ मार्शल ब्रूक-पॉपम. हवाई दलाच्या आरंभकाळातील हा मोठा संघटक १९३७ मध्ये निवृत्त होऊन केनियाचा गव्हर्नर झाला होता. युद्ध सुरू झाल्यावर ते पुन्हा गणवेशात आले आणि ऑक्टोबर १९४० मध्ये वयाच्या ६२ व्या वर्षी अतिपूर्वेचे सरसेनापती म्हणून नेमले गेले. पण नौदल त्यांच्या अखत्यारीत नव्हते, आणि मुलकी कारभारही नव्हता. मुलकी कारभार गव्हर्नर शेन्टन टॉमस यांच्याकडे होता. नायजेरिया, न्यासालँड आणि गोल्ड कोस्ट असा आफ्रिकेतील वसाहतींचा अनुभव घेऊन ते १९३४ मध्ये आले होते. रबर आणि कथिल लंडनला पोचत राहावे, हे त्यांचे कर्तव्य होते, आणि तटबंदीसाठी मजूर काढून देणे त्या कर्तव्याच्या आड येत होते. शेवटचे ॲडमिरल टॉम फिलिप्स. १९३९ पासून ते लंडनच्या नौदल मुख्यालयात होते. २ डिसेंबर १९४१ रोजी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या त्यांच्या ताफ्यातील दोन मोठ्या युद्धनौका सिंगापूरला पोचल्या. आठच दिवसांनी, १० डिसेंबरला, हवाई संरक्षणाविना समुद्रात गेलेल्या या दोन्ही नौका जपानी विमानांनी बुडवल्या. ८४० माणसे गेली, त्यांत स्वतः फिलिप्सही. ज्या आरमारासाठी वीस वर्षे तळ बांधला, ते आरमार एका दुपारपर्यंत उरले नाही.

समोर कोण होते? जपानच्या पंचविसाव्या सैन्याचे सेनापती तोमोयुकी यामाशिता. शिकोकू बेटावरील खेड्यातील डॉक्टरांचा मुलगा. ते सैनिकी शाळेतून वर आले. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात त्यांनी लष्करी प्रतिनिधी म्हणून काम केले. १९३६ च्या तोक्योतील बंडातील तरुण अधिकाऱ्यांबद्दल सहानुभूती दाखवल्याने त्यांना काही काळ कोरियात दूर पाठवले गेले. १९४०-४१ मध्ये ते जर्मनी आणि इटलीला गेलेल्या जपानी लष्करी मंडळाचे प्रमुख होते. तेथील नवे युद्धतंत्र त्यांनी जवळून पाहिले. गंमत अशी, की यामाशिता यांचेही वरिष्ठांशी पटत नव्हते, त्यांचाही एक सेनापती त्यांचा शब्द झेलायला नाखूश असे. तेव्हा ‘तिकडे एकी, इकडे बेकी’ असे सोपे समीकरण मांडता येत नाही. फरक होता तो त्यांच्याकडे हवाई बळ आणि सुमारे दोनशे रणगाडे होते याचा, आणि पुढाकार त्यांच्या हाती होता याचा. मलायाच्या रक्षणासाठी ३३६ विमाने हवीत असे लंडनच्या सेनाप्रमुखांनी स्वतःच ठरवले होते. लढाईच्या आरंभी १५८ च्या आसपास होती, आणि तीही बहुतेक जुनी. रणगाडे जवळजवळ नव्हतेच.

८ डिसेंबर १९४१ च्या मध्यरात्रीनंतर कोटा भारूच्या किनाऱ्यावर जपानी सैन्य उतरले. तेथील विमानतळाच्या रक्षणासाठी हैदराबाद संस्थानची पलटणही होती. सयाममध्ये आधी घुसून सिंगोरा ताब्यात घेण्याची ‘मॅटाडोर’ नावाची योजना तयार होती. लंडनने ५ डिसेंबरला ब्रूक-पॉपम यांना निर्णयाची मुभा दिली. पण तटस्थ देशात पहिले पाऊल आपण टाकावे की नाही, या विचारात ते थांबले. अकरावी भारतीय डिव्हिजन पावसात हुकुमाची वाट पाहत उभी राहिली, आणि मग घाईने जित्राच्या अर्धवट मोर्चांत परतली. जित्रा दोन दिवसांत गेले. ७ जानेवारीला स्लिम नदीवर जपानी रणगाड्यांनी पहाटेच्या अंधारात दोन ब्रिगेडी मोडल्या. त्यांत हैदराबाद रेजिमेंटची चौथी पलटणही होती. जानेवारीत मुआरला पंचेचाळिसावी भारतीय ब्रिगेड उद्ध्वस्त झाली. त्या ब्रिगेडमधील अनेक शिपाई कोवळे रिक्रूट होते, वाळवंटातील युद्धासाठी तयार केलेले. जंगल त्यांनी पहिल्यांदा पाहिले ते लढताना. ८ फेब्रुवारीच्या रात्री जपानी बेटावर उतरले, तेही वायव्येकडून. पर्सिव्हल यांचा अंदाज ईशान्येचा होता. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी बुकित तिमा येथील फोर्ड मोटार कारखान्यात शरणागतीवर सही झाली. ८ डिसेंबरपासून मोजले तर पुरते सत्तर दिवस. ऐंशी हजारांहून अधिक सैन्य तेथे शरण गेले. यामाशिता यांच्याकडचा तोफगोळा संपत आला होता, हे पर्सिव्हल यांना नंतर कळले.

आता सुभेदारकाकांचा प्रश्न. या माणसांच्या कारकिर्दी पराभवाचा उलगडा करतात का? काही प्रमाणात करतात. पर्सिव्हल यांचे आयुष्य वरिष्ठांना उत्तम टिपण देण्यात गेले होते. टिपण देणाऱ्याचे काम टिपण मान्य झाले की संपते. सेनापतीचे काम तेथून सुरू होते. मुख्य अभियंता ब्रिगेडियर सिमसन यांनी बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर तटबंदी करू द्या म्हणून रात्री उशिरापर्यंत आर्जव केले, तेव्हा अशा कामाने सैनिकांचे आणि नागरिकांचे मनोधैर्य खचेल, असे उत्तर पर्सिव्हल यांनी दिल्याचे सिमसन यांनी लिहून ठेवले आहे. सर्व बाजू तोलून पाहणारी ही बुद्धी कचेरीत गुण ठरते, रणांगणावर कधी कधी तीच पाय अडकवते. हीथ यांना मुठीतली पलटण उमगत होती. पण केरनला त्यांच्यामागे तोफखाना होता, रणगाडे होते आणि आकाशही बव्हंशी आपले होते. मलायात यांपैकी काहीही नव्हते. बेनेट यांच्याजवळ धैर्य होते. पण दुसऱ्याच्या सैन्याबरोबर लढण्यासाठी जो विश्वास लागतो, तो नव्हता.

परंतु येथेच सावध व्हायला हवे. ‘कारकून होता, म्हणून हरला’ असे आपण सहज म्हणून जातो. त्याला उत्तर म्हणून मी एकच नाव घेतो: विल्यम स्लिम. हे स्लिमही १९१४ पूर्वी बर्मिंगहॅमजवळ शाळामास्तर होते, आणि मग लोखंडी नळ्यांच्या कंपनीत कारकून. पहिल्या महायुद्धात अधिकारी झाले, पुढे भारतीय सेनेत गुरखा पलटणीत आले. १९४० च्या नोव्हेंबरमध्ये सुदान-इथिओपियाच्या सीमेवरील गल्लाबात येथे, हीथ यांच्याच पाचव्या डिव्हिजनमधील एका ब्रिगेडचे प्रमुख असताना, त्यांनी हातातली संधी गमावली. आपण तेथे धाडस करायला हवे होते, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून त्यांनाही शेकडो मैल माघार घ्यावी लागली. तेथेही हवाई बळ अपुरे, तेथेही कोवळे शिपाई. पण स्लिम यांना पुढची दोन वर्षे मिळाली. ते शिकले. त्यांनी सैन्याला जंगल शिकवले, आणि १९४४ मध्ये इंफाळ-कोहिमाला त्याच जपानी सैन्याचा पराभव केला. १९४२ च्या फेब्रुवारीत स्लिम सिंगापूरला असते, तर आज आपण त्यांचे नाव कोणत्या सुरात घेतले असते?

पर्सिव्हल, बेनेट आणि स्लिम हे तिघेही १९१४ मध्ये कचेरीत खर्डेघाशी करणारे होते. तिघांनीही त्या महायुद्धात शौर्य दाखवले. एकाला शिकायला वेळ मिळाला. दुसऱ्याला मिळाला नाही. तिसरा बेटावरून निसटून ऑस्ट्रेलियाला परतला, आणि १९४५ च्या चौकशीने त्याचे निघून जाणे समर्थनीय नव्हते असा निर्णय दिला. माणसाचा पूर्वेतिहास आपल्याला त्याच्या सवयी सांगतो. त्याला कोणत्या दिवशी, कोणत्या सैन्यानिशी आणि कोणाच्या शेजारी उभे केले जाईल, हे तो सांगत नाही. सिंगापूरच्या या माणसांपैकी कोणीही निवडीच्या वेळी अपात्र दिसला नसता. ज्यांनी त्यांना निवडले, त्यांनी प्रत्येकाचा कागद स्वतंत्रपणे वाचला. सारे कागद एका टेबलावर ठेवून ही माणसे एकत्र काय करतील, हे कोणी पाहिले नाही. आणि विमाने मध्यपूर्वेत व रशियाला पाठवण्याचा निर्णय तर त्यांच्यापैकी कोणाचाच नव्हता. तो लंडनचा होता.

म्हणून सुभेदारकाकांना माझे उत्तर असे: साहेब तोच होता, पण डोंगर तो नव्हता, आकाश ते नव्हते आणि शेजारी ते नव्हते. शिपाई आपलेच होते, पण केरनचा शिपाई मुरलेला होता, मुआरचा शिपाई काल-परवा गाव सोडून आलेला होता. ते पोर हरले नाही. त्याला तयार न करता तेथे पाठवले गेले.

या शिपायांचे पुढे काय झाले, हे आपल्याला ठाऊक आहे. १७ फेब्रुवारीला फॅरर पार्कच्या मैदानावर चाळीस हजारांच्या आसपास भारतीय युद्धकैदी जमवले गेले, आणि कॅप्टन मोहनसिंग यांच्या आवाहनातून आझाद हिंद सेनेची पहिली फळी उभी राहिली. काही तिच्यात गेले, काही गेले नाहीत. दोघांनीही हाल सोसले. पर्सिव्हल आणि हीथ कैदेत गेले. २ सप्टेंबर १९४५ रोजी ‘मिसूरी’ नौकेवर जपानने शरणागती लिहून दिली, तेव्हा पर्सिव्हल तेथे उभे होते. त्यांना सेनापतिपदाचा मान पुढे कधी मिळाला नाही. ‘सर’ ही पदवीही नाही. १९६६ मध्ये ते वारले. यामाशिता यांना मनिलातील गुन्ह्यांबद्दल १९४६ मध्ये फाशी झाली. आणि सप्टेंबर १९४५ मध्ये सिंगापूरच्या धक्क्यावर जी डिव्हिजन प्रथम उतरली, ती पाचवी भारतीय डिव्हिजन होती, म्हणजे केरनला हीथसाहेबांनी ज्या डिव्हिजनचे नेतृत्व केले तीच. ही एक गोष्ट मला सुभेदारकाकांना सांगता आली असती, तर त्यांनी वर्तमानपत्राची घडी क्षणभर विस्कटू दिली असती असे वाटते.

आता थोडे स्वतःविषयी, कारण त्याशिवाय हे बोलणे प्रामाणिक होणार नाही. काही वर्षांपूर्वी मी एका निवड समितीवर होतो. एका उमेदवाराच्या अर्जात दहा वर्षे अडत दुकानातील हिशेबनीस अशी नोंद होती. उशिरा शिकून त्याने एम. ए. केले होते. ‘‘हिशेबनीस वर्गात काय शिकवणार?’’ असे मी बैठकीत म्हणालो, आणि इतरांनी मान हलवली. तो गृहस्थ नंतर दुसरीकडे लागला. त्याच्या हाताखालून शिकलेली मुले मला भेटतात, तेव्हा त्यांची वाक्ये ऐकून माझी मान खाली जाते. कागदावरची एक ओळ वाचून मी माणसाचा निकाल लावला होता. पर्सिव्हल यांच्या दातांवर हसणाऱ्यांत आणि माझ्यात मला तेव्हा फारसा फरक दिसला नाही.

शेवटी वाचनालयासंबंधी एक विनंती. आज मी जी माणसे आपल्यापुढे उभी केली, त्यांची चरित्रे आहेत, आत्मकथने आहेत, चौकशीचे अहवाल आहेत. पर्सिव्हल यांनी स्वतःची बाजू १९४९ मध्ये पुस्तक लिहून मांडली. स्लिम यांचे पुस्तक तर जगभर वाचले गेले. पण केरनच्या माथ्यावर चढलेल्या सुभेदारकाकांची कारकीर्द कोठे लिहिली आहे? ते कोणत्या गावातून आले, भरतीच्या दिवशी वय किती सांगितले, डोंगरावर शेजारी कोण होते, घरी पत्र कोण लिहून देई, हे मला माहीत नाही. मी त्यांना विचारले नाही. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी पत्र्याच्या पेटीत पदके असतील, पेन्शनचे जुने कागद असतील, छावणीतून आलेली पोस्टकार्डे असतील. शतक महोत्सवाच्या निमित्ताने वाचनालयाने एक कपाट त्यांच्यासाठी राखून ठेवावे, आणि ज्यांना आठवते त्यांनी ते मराठीत, आपल्या बोलीत, लिहून द्यावे. लेखन शुद्ध नसले तरी चालेल. ते तपासून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

त्या कपाटातील पहिले पान मी लिहायला घेतले आहे. त्यात मजकूर फार थोडा आहे. ज्यांना सुभेदारकाका आठवत असतील, त्यांनी व्याख्यानानंतर मला जरूर भेटावे.